विकणे आहे : एक ‘पोर्तुगीज’ घर

१/
गोव्यातील मालमत्तांच्या जाहिरातींत एक वाक्य थोड्याफार फरकाने सतत भेटते : ‘शंभर वर्षांपूर्वीचे पोर्तुगीज घर विकणे आहे. हक्क निर्वेध. संपूर्ण नूतनीकरण केलेले.’ सोबतच्या छायाचित्रात लाल कौलांचे उतरते छप्पर, दारापुढे खांबांवर तोललेला बल्कांव, उंच खिडक्या आणि मागील अंगणात नव्याने खोदलेला पोहण्याचा तलाव दिसतो. वाक्य लहान आहे. परंतु त्यातील ‘पोर्तुगीज’, ‘शंभर वर्षांपूर्वीचे’, ‘निर्वेध’ आणि ‘नूतनीकरण’ या चारही शब्दांमागे साडेचारशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा धागा त्या चार शब्दांचा.

२/
प्रथम ‘पोर्तुगीज’ हा शब्द. अफोन्सो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. पोर्तुगालहून आलेले अधिकारी, सैनिक, व्यापारी आणि धर्मगुरू यांची वस्ती मुख्यतः मांडवीकाठच्या राजधानीत, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात होती. त्यांची निवासस्थाने तेथेच होती. आज जुन्या गोव्यात गेलेल्या माणसाला भव्य चर्चे दिसतात. परंतु ज्या रस्त्यांवर ही घरे उभी होती ते रस्तेसुद्धा माडांखाली नाहीसे झाले आहेत.

३/
साथीच्या रोगांनी ते शहर ओस पाडले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात हलविले आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. जुन्या शहरातील पडक्या वाड्यांचे चिरे नव्या बांधकामांसाठी वाहून नेण्यात आले. थोडक्यात, पोर्तुगीजांनी स्वतःच्या वास्तव्यासाठी बांधलेली आरंभीच्या काळातील घरे जवळजवळ उरलेलीच नाहीत. मग लोटली, चांदर, साळगाव, हळदोणे अशा गावांतून आज जी घरे ‘पोर्तुगीज’ म्हणून दाखविली जातात, ती कोणाची?

४/
ती गोंयकारांची. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे तालुके ‘जुन्या काबिजादी’ म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तेथे मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. परंतु गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी गावकरीची संस्था धर्मांतरानंतरही टिकून राहिली. पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ असे नाव दिले, एवढेच. भाताची खाजणे, माडांची भाटे आणि गावकरीतील वाटा ज्यांच्याकडे होता, त्या घराण्यांनीच पुढे मोठी घरे बांधली. नाव बदलले, देव बदलला. जमीन बहुतांशी त्याच कुळांकडे राहिली.

५/
घरे मोठी होण्यामागे राजकारणही होते. पोर्तुगालचा प्रबळ मंत्री मार्क्विस द पोंबाल याच्या काळात, १७६१ मध्ये, ख्रिस्ती प्रजेला जन्माने पोर्तुगीज असलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा देणारा हुकूम निघाला. कागदावरील समता व्यवहारात उतरली नाही, हे १७८७ च्या पिंटोंच्या बंडावरून दिसते. पदोन्नतीत डावलल्या गेलेल्या गोमंतकीय धर्मगुरूंचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा त्यात पुढाकार होता. तरीही वाट मोकळी झाली. १८२० च्या दशकात गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले आणि १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हा गोमंतकीय प्रीफेक्ट म्हणून प्रांताचा कारभार पाहू लागला. काही दिवसांतच त्याला पदच्युत करण्यात आले, हा भाग वेगळा.

६/
चर्च, वकिली, वैद्यक आणि प्रशासन या मार्गांनी वर आलेल्या ह्या वर्गाला आपली प्रतिष्ठा दृश्य करावयाची होती. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय विद्यालय सुरू झाले आणि तेथून बाहेर पडलेले डॉक्टर पोर्तुगीज साम्राज्यात दूरदूरवर गेले. घराची दर्शनी बाजू ही ह्या वर्गाची जाहीर घोषणा होती : रस्त्याकडे तोंड करून ओळीने उभ्या असलेल्या उंच खिडक्या, नृत्यासाठी दिवाणखाना, काचेची झुंबरे, मकावमार्गे आलेली चिनी मातीची भांडी आणि एका कोपऱ्यात घराण्याचे प्रार्थनाघर. राज्यकर्त्यांच्या बरोबरीने बसण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे ती घरे दगडचुन्याच्या भाषेत सांगत होती.

७/
दिवाणखाना ओलांडून आत गेले की भाषा बदलते. अनेक जुन्या घरांच्या मध्यभागी चौक असतो. गोव्यातील हिंदू घरांत त्यालाच राजांगण म्हणतात; त्याच्या मध्यावर तुळशीवृंदावन आणि सभोवती ओसरी व खोल्या. हिंदूंचे घर बाहेरच्या जगाकडे पाठ करून आत उघडत असे. धर्मांतरित घराण्यांच्या घरांतून तुळस गेली, चौक मात्र कितीतरी पिढ्या राहिला. मागील दारी विहीर, चुलीचे स्वयंपाकघर, नारळ-भात साठविण्याची कोठारे ही रचनाही कोकणातल्या कोणत्याही मोठ्या घराशी नाते सांगणारी होती. पुढे सालाँव, मागे माजघर : दोन जगांचा संसार एकाच छपराखाली नांदत होता.

८/
बल्कांव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. चार-पाच पायऱ्या चढून गेले की दाराच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर बांधलेली दगडी बाके लागतात. त्यांना ‘सोपो’ म्हणतात. संध्याकाळी तेथे बसावे, रस्त्याने जाणाऱ्याची विचारपूस करावी, गावची बातमी ऐकावी. अंतर्मुख असलेल्या घराने रस्त्याकडे वळवलेला हा चेहरा. नाव परके असले तरी कोकणातील ओटीचे काम आणि बल्कांवाचे काम एकच आहे : येणाऱ्याला घरातही न घेणे आणि दारातही न ठेवणे.

९/
बांधकामाचे साहित्य तर पूर्णपणे येथल्या मातीचे. भिंती जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो. चुना शिंपले भाजून तयार केलेला. खिडक्यांना काच नव्हती. पातळ, चपट्या आणि अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन कापून ते लाकडी पट्ट्यांत बसविले जात. दुपारचे प्रखर ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत झिरपते. अगदी ह्याच जातीच्या शिंपल्यांच्या खिडक्या फिलिपीन्समधील जुन्या घरांनाही आहेत, आणि तेथे राज्य स्पेनचे होते. म्हणजे ह्या खिडकीचे नातेवाईक शोधायचे तर लिस्बनपेक्षा मनिलाला जाणे अधिक उपयोगाचे.

१०/
पाउलो व्हारेला गोमिश हे स्वतः पोर्तुगीज असलेले कला-इतिहासकार. अनेक वर्षे गोव्यात राहून त्यांनी तेथील वास्तूंचा अभ्यास केला. चर्चवास्तूंवरील त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, गोव्यातील वास्तुकला ही पोर्तुगीज वास्तुकलेची दूरची शाखा समजणे चूक आहे; स्थानिक समाजाने आपल्या गरजेप्रमाणे घडविलेली ती स्वतंत्र, गोमंतकीय परंपरा आहे. घरांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. चर्चवर निदान धर्मसंघांची देखरेख होती. घर बांधताना मालक, गवंडी आणि सुतार हे तिघेही येथलेच होते.

११/
अपवादही आहेत, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवायला हवेत. केपे येथे कुशावती नदीच्या काठी, चर्चच्या समोर ‘पालासियो दो देआंव’ ही वास्तू आहे. जुझे पावलू द आल्मेदा ह्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्याने ती १७८७ मध्ये बांधली आणि तिच्या भोवती केपे हे गाव आकाराला आले. हे घर खऱ्या अर्थाने पोर्तुगीज माणसाचे. गंमत अशी की, त्याच्याही रचनेत स्थानिक वळणे स्पष्ट दिसतात. म्हणजे पोर्तुगीजाने बांधलेले घरसुद्धा गोव्यात आल्यावर शुद्ध पोर्तुगीज राहिले नाही.

१२/
आता ‘शंभर वर्षांपूर्वीचे’. जाहिरातीत हा आकडा कधी दोनशेवर जातो, कधी चारशेवर. घराचे वय ठरविताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : ही घरे एका वेळी बांधलेली नाहीत. पाया सतराव्या शतकातला, चौक अठराव्यातला, बल्कांव एकोणिसाव्यातला आणि फरशी विसाव्यातली, असे सर्रास आढळते. मुंबईला नोकरी लागली, मुलाचे लग्न ठरले, कोणी धर्मगुरू झाला की घराला एक दालन वाढे. घर हे एका तारखेचे नसते. ते घराण्याच्या जमाखर्चाची वही असते.

१३/
लाल कौलांचे उदाहरण घ्यावे. ज्या कौलांना पाहून पर्यटक ‘किती पोर्तुगीज!’ असे उद्गारतात, ती बहुधा मंगळुरी कौले असतात. बाझेल मिशन ह्या प्रॉटेस्टंट संस्थेने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि एकमेकांत अडकणाऱ्या खाचा यांमुळे हे कौल हलके, सरळ आणि पाणी न झिरपू देणारे ठरले. पश्चिम किनाऱ्यावर ते झपाट्याने पसरले. त्याआधी गोव्यातील घरांवर हाताने घडविलेली अर्धगोल नळीची कौले असत. तेव्हा कॅथलिक घरावरील हे ‘पोर्तुगीज’ छप्पर प्रत्यक्षात प्रॉटेस्टंट मिशनच्या तंत्राने आणि कानडी किनाऱ्यावरील मजुरांच्या हातांनी घडलेले आहे.

१४/
घरे परकीय सत्तेच्या काळातील. मग घरातील माणसे त्या सत्तेची होती काय? चांदर येथील ब्रागांझा घराण्याचे विस्तीर्ण घर पाहावे. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, भोज आणि कदंब राजवटींची राजधानी. ह्या घराण्यातील लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे पत्रकार होते; १९०० मध्ये सुरू झालेल्या ‘ओ हेराल्दो’ ह्या पोर्तुगीज दैनिकाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. सालाझारच्या वसाहतविषयक कायद्याने गोंयकारांना दुय्यम ठरविले, तेव्हा १९३० मध्ये विधिमंडळात त्यांनी गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समितीची स्थापना करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हेही चांदरचेच. पोर्तुगीज भाषेत विचार करणाऱ्या ह्या समाजाने पोर्तुगीज सत्तेला त्याच भाषेत उत्तर दिले.

१५/
तथापि, ह्या घरांचे केवळ गुणगान करणे अर्धसत्य ठरेल. मोठ्या घराचा मालक तो भाटकार. त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. झोपडीची जागा भाटकाराची. त्या बदल्यात मुंडकाराने माडांची राखण करावी, बोलावणे येताच राबावे आणि भाटकाराची मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचलावे, अशी रीत. कुळाने पिकविलेल्या भाताचा वाटाही भाटकाराच्या कोठारात येई. दिवाणखान्यातील झुंबर ह्या भातावर आणि नारळांवर पेटत होते. ख्रिस्ती घर असो वा हिंदू, ह्या बाबतीत फारसा फरक नव्हता.

१६/
१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या दीड दशकात ही व्यवस्था कायद्याने मोडली. १९६४ मध्ये कृषी कूळकायदा आला. १९७५ मध्ये मुंडकारांना बेदखल करण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. हा न्याय होता, आणि उशिरा आलेला न्याय होता. परंतु त्याचा एक परिणाम घरांवर झाला : ज्या उत्पन्नावर छपरे शाकारली जात होती ते आटले, घर मात्र तेवढेच मोठे राहिले.

१७/
माणसे तर आधीच बाहेर पडू लागली होती. एकोणिसाव्या शतकापासून गोंयकार मुंबईला, कराचीला, पूर्व आफ्रिकेला जात होते. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव भागांत गावागावांची ‘कूड’ उभी राहिली. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा शहरात जम बसेपर्यंत त्या गावचा माणूस तेथे अल्प पैशांत राहू शके. दरमहा गावी जाणाऱ्या त्या पैशांतूनही बल्कांव बांधले गेले. पुढे आखाती देश, पोर्तुगाल आणि इंग्लंड. घर ज्यांच्या कमाईने मोठे झाले, त्यांना त्यात राहण्याची सवड कधी मिळाली नाही.

१८/
येथे ‘निर्वेध हक्क’ हा शब्द पुढे येतो. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिचा कुटुंबविषयक गाभा मुक्तीनंतरही कायम राहिला. तिच्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान असतो. मालकाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या निम्म्या भागाचीच वाट स्वेच्छेने लावता येते. उरलेला निम्मा भाग वारसांसाठी राखीव राहतो. लगतच्या महाराष्ट्रात हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध हक्क मिळाला तो १९९४ मध्ये, आणि देशभर २००५ मध्ये. ह्या दृष्टीने गोव्याचा कायदा कितीतरी पुढचा.

१९/
मात्र हाच न्याय्य कायदा घरांच्या मुळावर आला. साधा हिशेब करावा. एका जोडप्याला पाच मुले, प्रत्येकाला चार, त्यांतील प्रत्येकाला तीन. तिसऱ्या पिढीअखेर वारस झाले साठ. मालमत्ता सामाईक असल्याने विक्रीच्या वेळी त्यांच्या पतींच्या आणि पत्नींच्याही सह्या लागतात, म्हणजे सह्या शंभराच्या पुढे. एक सही म्हापशात, एक मुंबईत, एक टोरांटोत, एक लिस्बनमध्ये, आणि एक अशा नातेवाइकाची की ज्याच्याशी तीस वर्षे बोलणे नाही. ज्या घराचे साठ मालक असतात, त्याचे फुटलेले कौल बदलणे हे कोणाचेच काम नसते.

२०/
वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ची न्यायालयीन कार्यवाही आहे. मालमत्तेची यादी होते, मूल्य ठरते, आणि वस्तू एकच पण दावेदार अनेक असतील तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली मोठी, घर त्याचे. इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे मिळतात. २०१२ च्या अधिनियमाने ही पद्धत नव्या कायद्यात आणली आणि तो २०१६ पासून अंमलात आला. ह्या वाटेने जायला वर्षे लागतात. बंद घरांचा गैरफायदाही घेतला गेला : बनावट दस्तऐवजांच्या आधारे परागंदा मालकांच्या जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीशांचा चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणून जाहिरातीतील ‘निर्वेध’ हा शब्द हा त्या घराचा सर्वांत महागडा भाग असतो.

२१/
सह्या गोळा होईपर्यंत पाऊस थांबत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. घराचा मृत्यू एका कौलापासून सुरू होतो. माकडाने किंवा माडाच्या झावळीने एक कौल सरकते. रीप भिजते, मग वासा. ओल्या लाकडाला वाळवी लागते. वासा मोडला की छप्पर बसते आणि जांभ्याच्या भिंतीचा माथा उघडा पडतो. मधला मातीचा जोड पाण्याने वाहून जातो, फटीत वडा-पिंपळाचे रोप रुजते. राहत्या घरात हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले असते. शिडी लावून काम अर्ध्या तासाचे होते.

२२/
शेवटचा शब्द ‘नूतनीकरण’. घर वाचविणे आणि घर नवे करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. जांभा सच्छिद्र असतो. तो ओल शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकचा रंग चढविला की ओल आतच कोंडली जाते, खालचा दगड भुसभुशीत होतो आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. लाकडी वाशांच्या जागी काँक्रीटचा सज्जा आला की वाऱ्याची वाट बंद होते. शिंपल्यांच्या तावदानांऐवजी काच आली की उष्मा वाढतो, आणि मग वातानुकूलन यंत्र अपरिहार्य होते. पूर्वीच्या सुताराने यंत्राविना सोडविलेला प्रश्न अशा रीतीने नव्याने निर्माण केला जातो.

२३/
चांगली उदाहरणेही आहेत. केप्याच्या ज्या वास्तूचा वर उल्लेख आला, ती दुरवस्थेत गेलेली होती; एकविसाव्या शतकाच्या आरंभी खाजगी प्रयत्नांतून तिचा जीर्णोद्धार झाला आणि आज ती लोकांना पाहता येते. तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी गोव्यातील घरांवरच एक संग्रहालय उभारले आहे. खिडक्या, दारे, कठडे, फरश्या यांचा इतिहास तेथे क्रमाने मांडलेला आहे. हेता पंडित यांनी १९९९ मध्ये ह्याच विषयावर सहलेखनातून ग्रंथ प्रसिद्ध केला. पणजीतील फोंतेन्हास वसाहतीला संरक्षित विभागाचा आधार मिळाला. गावोगावची बहुतांश राहती घरे मात्र अशा कोणत्याही संरक्षणाच्या बाहेर आहेत. त्यांचे भवितव्य मालकाच्या विवेकावर अवलंबून असते.

२४/
म्हणून विक्री हे प्रत्येक वेळी संकटच असते असे म्हणता येत नाही. साठ वारसांच्या भांडणात कोसळणाऱ्या घरापेक्षा एका दक्ष मालकाच्या हाती गेलेले घर बरे. मुंबई, पुणे, दिल्लीहून आलेल्या काही खरेदीदारांनी पडकी छपरे पुन्हा उभी केली आहेत. प्रश्न आहे तो घरासोबत काय हस्तांतरित होते ह्याचा. घराण्याची कागदपत्रे बहुधा रद्दीत जातात, शिसवी कपाटे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे. आवारातील मुंडकाराचा मात्र हक्क कायद्याने शाबूत असतो. आपल्या घराची जागा विकत घेण्याचा अधिकारही त्याला आहे. विहिरीची वाट, खुरसाजवळचे फेस्त, शेजाऱ्यांची ये-जा हे सारे त्या घराच्या भोवती विणलेले असते. भिंत उंच करून हे तोडले की उरते ते घराचे केवळ छायाचित्र.

२५/
‘पोर्तुगीज’ हा शब्द येथेच घातक ठरतो. घर परक्यांचे होते आणि ते निघून गेले, असा त्यातून समज होतो. मग ते कोणाचेच नव्हते असे मानणे सोपे जाते. प्रत्यक्षात चिरे काढणारा खाणकामगार, शिंपला कापणारा सुतार, भाताची पोती वाहणारा मुंडकार, बोटीवरून पैसे धाडणारा खलाशी आणि विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मागणारा संपादक ह्या सर्वांनी मिळून ही घरे घडविली. त्यांना ‘गोमंतकीय घर’ म्हटल्याने किंमत कमी होणार नाही. फक्त बांधणाऱ्यांची नावे परत मिळतील.

२६/
गोव्यात असे एखादे घर दिसले तर त्याचे वय जाहिरातीवरून ठरवू नये. चौथरा पाहावा, बल्कांव भिंतीत मुळापासून विणला आहे की नंतर जोडला आहे ते पाहावे, खिडकीत शिंपले आहेत की काच ते पाहावे. आणि कुंपणाशी फुटके कौल पडलेले असेल तर ते उचलून उलटसुलट पाहावे. मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव किंवा चिन्ह उमटविलेले असते. ते नाव वाचता आले की निदान छपराचा इतिहास तरी तेथल्या तेथे, मातीच्या अक्षरांत, हाती लागतो.